आठ ग्लास, दहा हजार पावलं आणि एक उडालेली कॉमेंट

आमच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, जुन्या डब्यांच्या मागे एक दोन लिटरची बाटली पडून आहे. निळसर प्लास्टिकची. तिच्या अंगावर वरपासून खालपर्यंत रेघा आहेत आणि प्रत्येक रेघेसमोर वेळ छापलेली आहे. सकाळी ८, मग १०, मग १२... आणि तळाला रात्री ८ वाजता 'शाब्बास!'. ही बाटली मी विकत घेतली होती, बाबांसाठी. तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे जरा जिवावर आलंय. पण बरेच दिवस डोक्यात घोळतंय आणि आज शनिवार मोकळा आहे, तेव्हा लिहूनच टाकतो.

तर झालं असं. दोनेक वर्षांपूर्वी बाबांना हार्ट फेल्युअर असल्याचं निदान झालं. नाव ऐकूनच आमची गाळण उडाली. डॉक्टरांनी समजावलं की हृदय बंद पडलंय असा त्याचा अर्थ नाही, पंप कमजोर झालाय. गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं आणि घरी सोडलं. मी आठवडाभर रजा काढून साताऱ्याला राहिलो. गोळ्यांची एक्सेल शीट केली, आईच्या मोबाईलवर अलार्म लावून दिले आणि 'चला, सिस्टीम सेट झाली' म्हणत पुण्याला परत आलो.

त्याच सुमारास आमच्या ऑफिसात 'वेलनेस मंथ' सुरू होता. पँट्रीत पोस्टर्स लागली होती: रोज आठ ग्लास पाणी, रोज दहा हजार पावलं. टीम पाडून चॅलेंज वगैरे. मी माझ्या मजल्यावर दुसरा आलो :) खरंच बरं वाटत होतं. मग जे आपल्याला चांगलं ते बाबांनाही चांगलं, एवढा सरळ हिशोब करून ती रेघारेघांची बाटली मी साताऱ्याला पाठवून दिली. बाबांनी आयुष्यभर सरकारी नोकरी केलेली. नियम म्हटला की तो पाळायचाच. आई सांगायची, "अरे, घड्याळ बघून पितात. तुझी रेघ चुकू देत नाहीत."

तीन आठवड्यांनी आईचा फोन आला. पाय सुजलेत, चपला चढत नाहीत, रात्री आडवं झालं की दम लागतो, तीन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपतात. मी रात्रीच निघालो. पहाटे हॉस्पिटलात ड्यूटीवरच्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "काका, दिवसाला पाणी किती घेता?"

बाबा धापा टाकत म्हणाले, "दोन लिटर. एक दिवस चुकवला नाही. चहा-ताक वेगळं."

डॉक्टरबाईंनी आमच्याच फाईलमधला आधीचा डिस्चार्जचा कागद उलटला आणि माझ्यासमोर धरला. दुसऱ्या पानावर एक ओळ होती. पाणी, चहा, दूध, ताक, आमटी सगळं धरून दिवसाला दीड लिटर, त्याहून जास्त नाही. माझ्या एक्सेल शीटमध्ये फक्त पहिलं पान होतं.

लघवी होण्याची इंजेक्शनं देऊन अंगात साठलेलं पाणी काढलं आणि चार दिवसांनी बाबा घरी आले. मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

असो. पण तेव्हापासून एक किडा डोक्यात शिरला. हे 'आठ ग्लास' आले कुठून? कुणी ठरवले? आणि कुणासाठी?

आमच्या धंद्यात 'मॅजिक नंबर' नावाचा एक प्रकार असतो. जुना कोड उघडावा तर मध्येच कुठेतरी ८ किंवा १०००० असा आकडा तसाच ठोकून दिलेला असतो. का, ते कुणालाच माहीत नसतं. हात लावायची भीती वाटते, म्हणून वर्षानुवर्षं तो तसाच राहतो. बहुतेक वेळा लिहिणाऱ्याने शेजारी कॉमेंट लिहिलेली असते, की हा आकडा अमुक परिस्थितीत, तमुक कारणासाठी. नंतर कोड कॉपी-पेस्ट होत जातो आणि त्यात कॉमेंट गळते. अशा वेळी आम्ही 'गिट ब्लेम' चालवतो, म्हणजे ही ओळ कुणी, कधी लिहिली ते शोधून काढतो. म्हटलं, हाच उद्योग पँट्रीतल्या पोस्टरवर करून बघू. पुढचे चार-पाच वीकेंड त्यातच गेले.

सुरुवात पाण्यापासून.

१९४५ साली, दुसरं महायुद्ध संपत असताना, अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या अन्न आणि पोषण मंडळाने रोजच्या आहाराच्या शिफारशींची सुधारित आवृत्ती काढली. प्रथिनं किती, लोह किती, जीवनसत्त्वं किती, आणि त्यातच पाणी किती. मोठ्या माणसाला साधारण अडीच लिटर, असं त्यांनी लिहिलं. हिशोब सोपा होता: खाल्लेल्या प्रत्येक कॅलरीमागे एक मिलिलिटर. २५०० कॅलरी खाणाऱ्याला अडीच लिटर. आणि लगेच पुढच्या वाक्यात म्हटलं होतं की यातलं बहुतेक पाणी शिजवलेल्या अन्नातूनच मिळतं.

हे पुढचं वाक्य म्हणजे कॉमेंट. आणि नेमकी तीच उडाली!

आपल्या ताटाकडेच बघा ना. शिजलेल्या भातात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. दह्यात पंचाऐंशीच्या वर, काकडीत पंचाण्णवच्या आसपास. वरण-आमटी तर बोलायलाच नको. शिवाय अन्न जाळताना शरीर स्वतःसुद्धा दिवसाला पाव लिटरभर पाणी तयार करतं. म्हणजे वरण-भात, ताक आणि दोन कप चहा झाला की अर्ध्या वाटेवर तुम्ही नकळत पोचलेले असता. अडीच लिटर हा सगळ्या दिवसाचा जमाखर्च होता, बाटलीतून प्यायचा कोटा नव्हता.

दुसरा उगम १९७४ चा सांगितला जातो. हार्वर्डच्या पोषणशास्त्र विभागाचे संस्थापक फ्रेडरिक स्टेअर यांनी मार्गारेट मॅकविल्यम्स यांच्याबरोबर लिहिलेल्या पुस्तकात दिवसाला सहा ते आठ ग्लास असा आकडा आहे. तिथेही लगेच खुलासा आहे की हे चहा, कॉफी, दूध अशा कुठल्याही रूपात चालेल, आणि फळं-भाज्यांतूनही पाणी मिळतंच. पुन्हा तेच. आकडा पुढे गेला, खुलासा मागे राहिला. 'सहा ते आठ' मधले सहासुद्धा वाटेत कुठेतरी सांडले. आणि अमेरिकेतला ग्लास आठ औंसांचा, म्हणून आठ गुणिले आठ असं छान यमकही जुळलं. हे सगळं मिळून होतात जेमतेम १.९ लिटर. आपल्याकडे येईपर्यंत त्याचे दोन, मग तीन, मग 'जमेल तितकं' झालं.

२००२ साली डार्टमथ मेडिकल स्कूलमधले हाइन्ट्स व्हॉल्टिन या किडनीतज्ज्ञांनी मनावर घेऊन याचा पुरावा शोधला. आयुष्य किडनीवर संशोधन करण्यात घालवलेला माणूस. 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिऑलॉजी'मधल्या त्यांच्या लेखाचा निष्कर्ष असा, की निरोगी, समशीतोष्ण हवेत राहणाऱ्या, बैठं काम करणाऱ्या माणसाने आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं, याला शास्त्रीय आधार सापडत नाही. 'तहान लागली म्हणजे उशीर झाला' हे आपण नेहमी ऐकतो, तेही त्यांनी तपासलं. रक्त दोन टक्क्यांहूनही कमी घट्ट झालं की तहान लागते. आणि त्याच्याही आधी शरीर किडनीला 'पाणी वाचव' असा निरोप धाडतं. म्हणजे अलार्म वेळेवरच वाजतो. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे, की व्हॉल्टिन यांनी आपली कॉमेंट स्वतः ठळक लिहून ठेवली आहे: आजारी माणसं, कडक उन्हाळा, अंगमेहनत यांना हे लागू नाही आणि मुतखडा असलेल्यांनी जास्त पाणी प्यायलाच हवं.

बरं, जास्त प्यायलं तर काय बिघडतं? निरोगी माणसाचं सहसा काही नाही, बाथरूमच्या फेऱ्या वाढतात इतकंच. पण २००२ च्याच बॉस्टन मॅरेथॉनमध्ये संशोधकांनी शर्यत संपवलेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं. त्यातल्या १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम गरजेपेक्षा खाली गेलं होतं, आणि मुख्य कारण होतं धावताना गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं. तिघांची पातळी तर जीवघेणी होती. त्याच वर्षी त्याच शर्यतीत एका २८ वर्षांच्या मुलीचा याच कारणाने जीव गेला. 'तहान लागायच्या आधीच प्या' हा सल्ला धावपटूंना तेव्हा सर्रास दिला जायचा. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

आता दहा हजार पावलं.

ही गोष्ट जरा हलकीफुलकी आहे. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं आणि जपानमध्ये व्यायामाची हवा तयार झाली. १९६५ साली यामासा नावाच्या घड्याळं बनवणाऱ्या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र बाजारात आणलं. नाव ठेवलं 'मान्पोकेइ'. मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पाऊल, केइ म्हणजे मोजणारं यंत्र. 'दहा-हजार-पावलं-मापक'. झालं! आकडा आधी ब्रँडचं नाव म्हणून जन्माला आला आणि मग आरोग्याचा नियम म्हणून जगभर फिरला. जपानी भाषेत दहा हजारला स्वतंत्र शब्द आहे, चिन्हही आहे, त्यामुळे तो त्यांना पूर्ण, गोल आकडा वाटतो. आपल्याकडे हजारानंतर थेट लाख. नशीब समजा की ते यंत्र पुण्यात बनलं नाही, नाहीतर आज आपण 'लखपावली' पूर्ण करत असतो!

गंमत सोडा, हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये हा आकडा खरोखर तपासला. सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६,७४१ बायकांना पावलं मोजणारी यंत्रं लावली आणि पुढे सरासरी चार वर्षांहून थोडा जास्त काळ त्यांची माहिती ठेवली. दिवसाला २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी निघालं. साधारण ७५०० नंतर फायदा वाढायचा थांबला. २०२२ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा साठीच्या पुढच्यांसाठी हा टप्पा सहा ते आठ हजारांवर आला आणि साठीच्या आतल्यांसाठी आठ ते दहा हजारांवर.

म्हणजे दहा हजार हा आकडा अगदीच थाप नाही. तरण्याताठ्या माणसाला तो ठीकच आहे. पण आमच्या पोस्टरवरून जे हरवलं ते जास्त मोलाचं होतं: सगळ्यात मोठा फायदा सुरुवातीच्या दोन-तीन हजारांत आहे. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मित्र 'आपल्याच्याने दहा हजार होत नाहीत राव' म्हणत चॅलेंज सोडून बसला होता. त्याची तीन हजारांची पाच हजार झाली असती, तर त्याने आमच्यापेक्षा जास्त कमाई केली असती!

तिसरा आकडा पाकिटावरचा. बिस्किटाच्या पुड्यामागे बारीक अक्षरात 'दिवसाच्या गरजेच्या अमुक टक्के' असं लिहिलेलं असतं, ते २००० कॅलरींच्या हिशोबाने. १९९० मध्ये अमेरिकेत कायदा झाला की पाकिटांवर पोषणाचा तक्ता हवा. आता टक्के काढायचे तर भागायला एक आकडा लागणार. लोकांना विचारून केलेल्या पाहण्यांत बायकांचं रोजचं खाणं १६०० ते २२०० कॅलरी येत होतं आणि पुरुषांचं २००० ते ३०००. तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने आधी २३५० सुचवला. त्यावर हरकती आल्या की एवढा मोठा आकडा बघून लोक जास्त खातील. मग तो खाली आणून गोल केला, २०००. तोंडी हिशोबाला सोपा. हा आकडा भागाकारासाठी होता, 'तुम्ही इतकं खा' हे सांगायला नव्हता. आपल्याकडे एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांतही हाच २००० आधाराला आहे. दिवसभर खुर्चीत बसणारी पन्नास किलोची मुलगी आणि सिमेंटची पोती उचलणारा गडी, दोघांच्या बिस्किटाला टक्का एकच.

हे सगळं परक्यांचंच चाललंय असं वाटत असेल तर घरचंही उदाहरण देतो. बाबा घरी आल्यावर मी हे शोध त्यांना फोनवर सांगत होतो, तर ते म्हणाले, "आजोबांच्या वेळी नमस्कार दहा आकड्यांत मोजायचे. तुमचे बारा कधी झाले?" आमचे आजोबा औंध संस्थानातल्या शाळेत शिकलेले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्काराचे मोठे प्रचारक. आधी ते युजेन सँडोच्या पद्धतीने साधनं घेऊन व्यायाम करायचे, नंतर सगळं सोडून नमस्कारांकडे वळले. ना साधन, ना जागा, ना पैसा. बिझी माणसासाठी याहून चांगला व्यायाम कुठला! संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. १९३८ मध्ये लंडनहून त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, त्याच्या नावातच 'दहा' होतं, कारण एका नमस्काराच्या स्थिती ते दहा मोजत. आज आपण बारा शिकतो आणि ते सनातन काळापासून बाराच आहेत असं धरून चालतो. दहा काय, बारा काय, घाम तोच. पण आकडा एकदा चिकटला की तो कायमचाच होता असं वाटायला लागतं, हे खरं.

आता प्रश्न असा, की मग सगळेच आकडे असे हवेतले का? तर नाही. शोधता शोधता मला एक माणूस भेटला आणि हा लेख लिहायचं खरं कारण तोच आहे. जेरी मॉरिस.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हार्ट अटॅक वाढत होते आणि का ते कुणालाच कळत नव्हतं. व्यायामाचा आणि हृदयाचा काही संबंध असेल, हे तेव्हा डॉक्टरांच्याही मनात नव्हतं. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ पासून वेगवेगळ्या कामांवरच्या माणसांची माहिती गोळा केली. त्यात लंडनच्या दुमजली बसवरचे सुमारे ३१ हजार पुरुष होते. ड्रायव्हर आणि कंडक्टर. राहणं सारखं, पगार जवळपास सारखा, बसही तीच. फरक एवढाच की ड्रायव्हर पाळीतला ९० टक्के वेळ बसून, आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणार. (आपल्या मुंबईच्या डबलडेकरवर वरती एक, खालती एक असे दोन कंडक्टर असायचे. तिथे हा प्रयोग फसला असता!)

१९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी, झाला तरी उशिरा, आणि झाल्यावर लगेच दगावण्याचं प्रमाण बरंच कमी. टपाल खात्यातही तेच दिसलं. सायकलवर आणि पायी टपाल वाटणारे पोस्टमन हे टेबलावरच्या कारकुनांपेक्षा बरे.

इथे कुणीही पोस्टर छापलं असतं: 'रोज ७५० पायऱ्या चढा!' मॉरिस यांच्या गटाने काय केलं? त्यांनी आपल्याच निष्कर्षावर शंका घेतली. मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? मग त्यांनी लंडन ट्रान्सपोर्टकडून गणवेशाची मापं मागवली! १९५६ मध्ये ती छापली. ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर कंडक्टरांपेक्षा खरंच मोठी होती, अगदी तरुण वयातसुद्धा. म्हणजे फरकाचा काही भाग नोकरीला लागायच्या आधीचाच होता. स्वतःच्या गाजलेल्या शोधात स्वतः बग काढायचा आणि तो जाहीर छापायचा. आमच्या ऑफिसात असा कोड रिव्ह्यू मी अजून पाहिलेला नाही.

आणि मग तुमच्या-आमच्यासारख्यांचा प्रश्न. ज्यांच्या कामात पायऱ्याच नाहीत त्यांचं काय? १९६८ ते १९७० या काळात मॉरिस यांनी टेबलावर बसणाऱ्या सुमारे १७ हजार सरकारी अधिकाऱ्यांकडून सोमवारी सकाळी लिहून घेतलं की आदल्या शुक्रवारी आणि शनिवारी तुम्ही काय काय केलंत. ऑफिस सुटल्यावर ज्यांनी दम लागेल असं काही केलं होतं, म्हणजे झपाझप चालणं, पोहणं, बागेत जोरकस खोदकाम वगैरे, त्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या जवळजवळ एक तृतीयांश निघाला. हे १९७३ मध्ये छापून आलं. मॉरिस स्वतः पोहत, धावत राहिले आणि २००९ मध्ये ९९ व्या वर्षी गेले. (एका माणसाच्या आयुष्यावरून काही सिद्ध होत नाही, हे त्यांनीच आधी सांगितलं असतं :))

तर मंडळी, एवढं उकरून मी काय शिकलो? आकडे वाईट नसतात. कॉमेंट उडालेले आकडे वाईट. म्हणून मी आता घरात आणि ऑफिसात हे चार नियम पाळतो. प्रत्येकाला कॉमेंट जोडून लिहितोय. फॉरवर्ड करायचं झालं तर कॉमेंटसकट करा, ही हात जोडून विनंती.

१. पाणी तहान लागली की प्यायचं. मीटिंगमध्ये तहान मारायची नाही. लघवी फिकट पिवळी असेल तर चिंता नाही. कॉमेंट: उन्हाळा, घाम, ताप, जुलाब असतील तर जास्त लागतं. मुतखडा असेल तर डॉक्टर सांगतील तसं भरपूर. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी जाणवते, त्यांना आठवण करावी लागते. पण हृदय किंवा किडनीचं दुखणं असेल तर डॉक्टरांनी लिहिलं असेल तेवढंच, आणि त्यात चहा, ताक, आमटी सगळं धरायचं.

२. आज जितकी पावलं होतात, त्यात हजारभर वाढवायची. कॉमेंट: ज्याची कमी होतात त्याचा फायदा जास्त. दहा हजार झाली नाहीत म्हणून सोडून द्यायचं नाही.

३. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम, आणि दोन दिवस तरी स्नायूंना ताण देणारं काहीतरी. हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा, २०२० चा. कॉमेंट: २०१० च्या सूचनांत एका वेळी सलग दहा मिनिटं तरी हवीत अशी अट होती, ती २०२० मध्ये काढून टाकली. म्हणजे दोन मजले चढलात तरी ते जमेत धरलं जातं.

४. पाकीट उलटून वाचायचं. कॉमेंट: टक्के २००० कॅलरींचे आहेत, तुमचे नाहीत. आणि ते बहुतेक वेळा एका 'सर्व्हिंग'चे असतात, अख्ख्या पुड्याचे नव्हेत.

बाबा आता बरे आहेत. रोज सकाळी उठल्या उठल्या वजन करतात आणि कॅलेंडरवर लिहितात. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन करायचा, असं सांगितलंय. फ्रिजवर मी तो दुसऱ्या पानाचा कागद मोठ्या अक्षरात छापून लावलाय. आई दीड लिटर पाणी एका तांब्याच्या मापाने सकाळीच काढून ठेवते, आणि चहा झाला की त्यातलं कपभर झाडांना घालते. हा हिशोब तिचा तिनेच काढला.

ती बाटली मी इकडे आणली. टाकवत नाही. मागच्या महिन्यात बाबा चार दिवस राहायला आले होते. फळीवर हात फिरवताना त्यांना ती दिसली. म्हणाले, "ही चांगली आहे रे, ठेव. रेघा पुसून टाक फक्त."

अजून पुसलेल्या नाहीत. उद्या रविवार आहे, बघतो.